बाबांना सांगायचे भाव

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते शेवटी देते. आधी कामाचं बोलते, कारण जेवणाची सुट्टी संपत आलीय आणि मी आमच्या दुकानाच्या कोठीत साबणाच्या खोक्यावर बसून लिहितेय.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुला वाटेल. घरातून फोन करता येत नाही. बाबांचा पाय अधू झाला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, पण कान इतके तिखट आहेत की मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी बाहेरच्या खोलीतून उत्तर येतं. मेसेज पाठवला तर तू वाचतोस, वाचल्याची खूण येते, आणि पुढे काही येत नाही. तीन वर्षं हेच चाललंय. कागदाचं बरं असतं, माणसाला निदान पाकीट तरी फोडावं लागतं.

तर काम असं, की बाबांनी गाळा विकायचा शब्द दिलाय. आपला फ्रेमच्या दुकानाचा गाळा. ज्याला भाड्याने दिलाय त्या चावीवाल्यालाच दिलाय शब्द. आणि ज्या किमतीला दिलाय त्या पैशांत आज एक बरी मोटारसायकल येईल. गाळा येणार नाही.

त्यात तुझाही हिस्सा आहे, म्हणून कळवणं माझं काम. तू सुट्टी काढून ये आणि बाबांशी बोल. बाजारभावांमधलं तुझ्याइतकं कळणारा आपल्या घरात दुसरा कोणी नाही, सगळ्या देशाचे भाव तुमच्या त्या मोठ्या बँकेतल्या टेबलावरूनच जातात म्हणे. मी का बोलू शकत नाही ते पुढच्या पत्रात लिहीन. मॅनेजर दोनदा डोकावून गेलाय.

आता घे आशीर्वाद.

ताई


११ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे, मी पुढचं लिहिते.

आई गेली त्या वर्षी तू आला होतास, शेवटचा. जेवताना बाबा म्हणाले होते, 'जगणं फार महाग झालंय रे. एक वेळच जेवावं म्हणतो.' म्हातारा माणूस, बायको नुकतीच गेलेली. त्या वाक्यात भाव किती आणि आई किती, हे मला तेव्हाच कळलं होतं. तुला कळलं नाही. तू घास खाली ठेवलास आणि म्हणालास, 'बाबा, ही तुमची समजूत चुकीची आहे. गाळ्याचं भाडं धरलं तर तुमची आवक भावांपेक्षा जास्त वाढलीय. दहा वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय.' मग फोन काढून आलेख दाखवलास. तेव्हा त्यांना थोडं दिसत होतं.

'रेघ वरच चाललीय की,' बाबा म्हणाले.

'ती तुमच्या आवकेची आहे, बाबा.'

'आणि ही खालची?'

'ती भावांची.'

'तीही वरच चाललीय.'

आणि तू हसलास. तिथेच सगळं बिघडलं. तू नुसता वाद घातला असतास तर चाललं असतं, तुम्ही दोघं आयुष्यभर वाद घालत आलात. पण तू मोठ्या ऑफिसातला माणूस हसतो तसा हसलास. बाबा ताटावरून उठले. 'आयुष्यभर काच कापून पोट भरलं मी, आता महाग-स्वस्त ह्याच्याकडून शिकायचं,' असं भिंतीला म्हणाले. तू त्याच दिवशी निघून गेलास.

तुझं बरोबर होतं, हे मी लिहून देते. आमचं भागत होतं, आजही भागतं. पण बरोबर असून काय उपयोग झाला? तू गेल्यावर बाबांनी खरोखरच एक वेळचं जेवण बंद केलं. रक्तदाबाची गोळी नखाने मोडून अर्धी घ्यायला लागले. मला कळलं तेव्हा ते न्हाणीघरात पडले होते आणि मांडीचं हाड मोडलं होतं.

इस्पितळातून घरी आणल्यावर तर नाकी नऊ आले. काहीही पुढे ठेवलं की विचारायचे, 'कितीला?' भाव ऐकला की ताट सरकवायचे. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर हाड जुळणार नाही. मी समजावलं, रडले, ओरडलेही. एकदा कामावरून आले होते, पायांचे तुकडे पडले होते, अंडी उकडून समोर ठेवली. त्यांनी विचारलं, 'कितीला?' आणि माझ्या तोंडून आई हिंडतीफिरती असतानाचा, कितीतरी वर्षांपूर्वीचा भाव गेला. ठरवून नाही, कंटाळ्याने गेला.

'उतरला का?' ते म्हणाले.

'उतरला.'

दोन्ही अंडी खाल्ली त्यांनी. मी आत जाऊन रडले, आणि त्यानंतर ते सोपं होत गेलं.

आता हे घर त्या काळात चालतं. दूध, पाव, केळी, गोळ्या, वीज, सगळं आई असतानाच्या भावाने. मी दुकानात दिवसभर वस्तूंवर भाव चिकटवते, ते यंत्र माझ्या हातातलंच. बाबांना डोळ्यांजवळ धरून मोठे आकडे दिसतात, म्हणून घरी आणायच्या वस्तूंवर मी जुन्या भावाचं लेबल मारते. औषधवाल्याला सांगून ठेवलंय, दाढी करायला घरी येतो त्या न्हाव्यालाही. वरच्या मजल्यावरची मावशीसुद्धा आता सराईत झालीय. माझा पगारही मी त्याच काळात ठेवलाय, नाहीतर हिशेब कुठे बसणार? बाबा म्हणतात, 'तुझा मालक पगार वाढवत नाही का गं?' आणि मग स्वतःच म्हणतात, 'भाव वाढले नाहीत तर तो तरी कशाला वाढवेल.'

तू तिकडे सगळ्या देशाला भाव सांगतोस, मी एका माणसाला सांगते. माझा माणूस जेवतो तरी.

ताई


२० फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. छापलेलं अर्धं पान. खाली सही आहे म्हणून तुझं समजायचं. 'बाबांना खरी परिस्थिती सांगावी व व्यवहार रास्त बाजारभावाने करावा. या महिन्यात बैठका असल्याने येणे शक्य नाही.' मी ते दोनदा वाचलं, ते आपल्यासाठीच आहे की तुमच्या ऑफिसातून चुकून आलंय हे बघायला.

खरी परिस्थिती सांगावी. तू येऊन सांगितली होतीस ना एकदा?

चावीवाल्याशी मी बोलले. तडक त्याच्या टपरीवर, म्हणजे आपल्याच गाळ्यात गेले आणि त्याला धारेवर धरलं. तो किल्ली कानशीने घासत होता, घासायचा थांबला नाही.

'ताई, रागावू नका. काकांनी मला विचारलं, हल्ली गाळे कितीला जातात. तुम्हीच सांगून ठेवलं होतं, काकांनी काहीही विचारलं तरी जुना भाव सांगायचा. काहीही म्हणाला होतात.'

'मी दुधापावाचं म्हणत होते.'

'ते तुम्ही बोलला नव्हतात.'

'मग बाबा म्हणाले, घेऊन टाक. आणि तुम्ही हो म्हणालात.'

तेव्हा कुठे त्याने कानस खाली ठेवली. 'समोरून आलेलं कोण सोडतं, ताई? मी इतकी वर्षं ह्या जागेत भाडं भरतोय. आणि काकांनी माझा हात हातात घेतला होता. तेव्हा खरं सांगितलं असतं तर तुमचं सगळं बाहेर पडलं असतं.'

वाईट माणूस नाहीये तो. बाबांचा चष्मा, कुलूप, स्टूल, जे मोडेल ते येऊन दुरुस्त करतो आणि जुन्या भावाने पैसे घेतो, उरलेले मी खाली जाऊन देते. हे माझंच माझ्या अंगाशी आलंय.

बाबा का विकतायत, हे तू विचारलं नाहीस. माझ्यासाठी विकतायत. मला म्हणाले, 'थोरले, मी गेल्यावर भाड्यासाठी कोणाच्या मागे फिरणार तू? एकरकमी पैसे बँकेत टाक. ह्या भावांत तुला आयुष्यभर पुरतील.' आणि हसले, लबाडी केल्यासारखे. चावीवाल्याकडून थोडे जास्तच काढलेत, असं त्यांना वाटतंय. त्यांच्या हिशेबाने खरंच काढलेत.

आणि एक. तुझा हिस्सा वगैरे मी पहिल्या पत्रात उगाच लिहिलं. तुझ्या हिश्श्याची मला काय काळजी पडलीय, तुला पगार आहे, पुढे पेन्शन आहे. गाळा मला हवाय. माझ्या दुकानात पेन्शन नाही. गुडघे आत्ताच कुरकुरतात, सगळ्यात खालच्या फळीवर लेबल मारायचं म्हणजे जमिनीवर बसावं लागतं आणि उठताना कोणाचातरी हात लागतो. अजून चार-पाच वर्षं मी रेटेन. त्यानंतर ते भाडं सोडलं तर माझ्याकडे काही नाही. म्हणून ये.

ताई


३ मार्च

धाकट्या,

तू हाताने लिहिलेलं पत्र आलं. अक्षर अजून शाळेतल्यासारखंच मागे झुकतं. तू विचारलंयस, बाबा काय खातात, वजन किती आहे, गोळी पूर्ण घेतात का. खातात. वजन वाढलंय. गोळी पूर्ण घेतात, कारण ती स्वस्त आहे.

येणार की नाही ते मात्र लिहिलं नाहीस. त्याऐवजी लिहिलंस, 'लोकांना भाव नेहमी आहेत त्यापेक्षा जास्तच वाढल्यासारखे वाटतात, हे आम्हाला प्रत्येक पाहणीत दिसतं. बाबा त्यातलेच एक.' अरे, मी त्या लोकांच्यातच आठ तास उभी असते. परवा तू टीव्हीवर होतास, महागाई कमी झाली म्हणून सांगत होतास. दुसऱ्या दिवशी एक बाई तेलाची बाटली घेऊन माझ्याकडे आली. 'महागाई कमी झाली ना, मग हे लेबल जुनं राहिलंय तुमचं, बदला.' मी म्हटलं, 'बाई, कमी झाली म्हणजे भाव उतरले असं नाही. पूर्वी धावत होते, आता चालतायत. मागे नाही आले.' ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच तिच्या पिशवीतून काहीतरी काढलंय. तू माझा भाऊ आहेस हे मी दुकानात कोणालाच सांगत नाही.

आमच्या गल्ल्यावरच्या मुलींना ह्या वर्षी पगारवाढ मिळाली. प्रत्येकीला वाटतं, ती आपण राबलो म्हणून मिळाली. आणि तेल महागलं ते चोरांनी महाग केलं. दोन्ही एकाच ठिकाणाहून आलं असेल, असं मी म्हटलं तर एकजण म्हणाली, 'मावशी, तुम्ही मालकाच्या बाजूच्या.' मग मी कानाला खडा लावला. खरं सांगू, तिचंच मला पटतं. मलाही माझी पगारवाढ माझ्या गुडघ्यांची वाटते.

घरी मात्र तुझ्या बँकेने मला हात दिला. बाबा गाण्यांसाठी रेडिओ लावतात, मध्ये बातम्या लागल्या. महागाईत मोठी घट. बाबांनी मला हाक मारली. 'ऐकलंस? बँकसुद्धा म्हणते स्वस्ताई आलीय. धाकट्याला शेवटी अक्कल आली म्हणायची.' तीन वर्षांत तुझं नाव पहिल्यांदा काढलं त्यांनी, ते असं. मी मान हलवली. तुझं खरं आणि माझं खोटं, दोन्ही त्यांच्या डोक्यात एकाच फळीवर जाऊन बसलंय.

मी सांगायचा प्रयत्न केला, तो असा. परवा ताट वाढलं आणि म्हटलं, 'बाबा, अंडी थोडी महागलीत.' थोडीच म्हटलं, खरा भाव नाही. त्यांनी हातातलं अंडं परत वाटीत ठेवलं. 'मग तू खा,' म्हणाले, 'तू दिवसभर उभी असतेस.' मी म्हटलं, चुकले, ते बदकाच्या अंड्यांचं होतं. मग खाल्लं.

नोंदणीची तारीख बारा ठरलीय. मी अडवलेलं नाही. का अडवलं नाही, ते त्यानंतर लिहीन.

ताई


१४ मार्च

धाकट्या,

झालं एकदाचं. लिहायला बसलेय पण कुठून सुरुवात करू कळत नाही.

चावीवाला आणि त्याचा मेहुणा, दोघांनी बाबांना खुर्चीसकट दोन मजले खाली उतरवलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला पेन होतं. इतक्या दिवसांनी रस्त्यावर आले, माझा जीव टांगणीला लागलेला. दुकानांवर पाट्या, पाट्यांवर भाव. पण त्यांना लांबचं धूसर दिसतं. गाडीच्या काचेतून बघत म्हणाले, 'गर्दी आहे, म्हणजे लोकांकडे पैसा आहे.' चावीवाला खिडकीबाहेर बघत राहिला.

आता कबूल करते. तिथे काय होणार ते मला माहीत होतं. आमच्या मॅनेजरने मागच्या वर्षी घर घेतलं, त्याने सांगितलं होतं की सरकारने ठरवलेल्या किमतीच्या खाली नोंदच होत नाही. म्हणून मी गप्प राहिले. माझ्या तोंडून नको, म्हटलं, खिडकीतल्या बाईच्या तोंडून जाऊ दे. ती सांगेल, व्यवहार फिसकटेल, आणि मी म्हणेन, अरेच्चा. इतकं सोपं ठरवलं होतं.

खिडकीतल्या बाईला सर्दी झाली होती. रुमाल नाकाला लावून तिने कागद बघितला, संगणकात बघितलं आणि म्हणाली, 'आजोबा, ही किंमत चालणार नाही. ह्या भागातल्या गाळ्याची सरकारी किंमत ह्याच्या कितीतरी पट आहे.' आणि आकडा सांगितला.

बाबा हसले. अगदी तू हसला होतास तसे.

'सरकारी आकडे मला सांगू नका बाई. माझा मुलगा त्याच धंद्यात आहे. ह्यांना वर न्यायचं असलं की वर नेतात, खाली आणायचं असलं की खाली.'

रांगेतले लोक हसले. कोणीतरी म्हणालं, 'आजोबा बोलले बघा.' बाबांना चेव चढला. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवायला लावली.

'ही माझी मुलगी. दुकानात वस्तूंवर भाव चिकटवायचं काम करते. तुमचा संगणक राहू दे, खरे भाव हिला माहीत. सांग गं ह्यांना. अंडी कितीला आहेत?'

मी त्यांच्याकडे बघितलं. किती विश्वासाने बघत होते रे. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी बरोबर माझ्या तोंडाकडे. सगळी रांग माझ्याकडे बघत होती. मी जुना भाव सांगितला असता तर सगळे हसले असते, माझ्यावर नाही, त्यांच्यावर. तेवढं मला सहन झालं नसतं.

मी खरा भाव सांगितला. सकाळीच लेबल मारलं होतं.

मागून एक माणूस म्हणाला, 'कुठल्या दुकानात? आमच्याकडे त्याहून जास्त आहे.'

बाबांनी त्या माणसाच्या आवाजाकडे मान वळवली. मग मला म्हणाले, 'दूध?'

सांगितलं.

'पाव?'

सांगितलं.

'माझी गोळी?'

तीही सांगितली. मग माझा पगार विचारला, तोही सांगितला. गाळ्याचं भाडंही. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना, न विचारलेलं विजेचं बिलसुद्धा सांगून टाकलं. खिडकीतली बाई रुमाल विसरून बघत होती.

'कधीपासून?' बाबा म्हणाले.

'तुमचा पाय मोडला तेव्हापासून.'

ते चावीवाल्याकडे वळले. 'तुला माहीत होतं?' त्याने मान खाली घातली. 'औषधवाल्याला?' तो म्हणाला, 'हो काका.' 'न्हाव्याला? वरच्या बाईला?' बाबांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं आणि खिशाला अडकवलं.

'म्हणजे सगळ्या गल्लीने मिळून मला खेळवलं,' म्हणाले. 'घरी चला.'

जिना चढवताना चावीवाला घामाघूम झाला होता. त्याने दुकानाची नवी पाटी रंगवायला टाकली होती, ती आता नको म्हणून सांगायला जाणार. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, कठडासुद्धा धरला नाही.

ताई


२२ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र आलं. तू लिहिलंस, 'ताई, तू योग्य तेच केलंस.' मला योग्य-अयोग्याचं काही वाटेनासं झालंय. दमलेय मी.

गाळा राहिला. बाबांनी चावीवाल्याला वर बोलावून सांगितलं, 'मी शब्द फिरवला, मला माफ कर. भाडं हिच्याकडे देतोस ते देत जा.' तो म्हणाला, 'काका, चूक माझी.' बाबा म्हणाले, 'नाही, माझ्या घरातली.' मी दाराशी उभी होते. मला हवं होतं ते मिळालं, म्हणून मी गप्प बसायला हवं.

पहिले दोन दिवस त्यांनी फक्त चहा घेतला. आता थोडं खातात, मनात आलं तर. गोळी मी समोर उभी राहून देते. पण मला कशाचाही भाव विचारत नाहीत. ताट ठेवलं की मी वाट बघते, आता विचारतील, 'कितीला?' ह्या प्रश्नाचा मला इतका वैताग होता, आणि आता तो येत नाही तर घर रिकामं वाटतं. काल मीच म्हटलं, 'बाबा, केळी आज...' तर हात वर करून मला थांबवलं. 'तू सांगू नकोस,' म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. पोस्टातल्या माणसाशी बोलावं तसं बोलले.

न्हाव्याला विचारतात, वरच्या मावशीला विचारतात, आणि कोणी काही सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसत नाही. मावशीने खरा भाव सांगितला तर म्हणाले, 'आता घाबरवायला वाढवून सांगतेस.'

आणि काल म्हणाले, 'धाकट्याला फोन लाव.'

मी विचारलं, 'कशाला?'

'भाव विचारायचेत. तो तोंडावर बोलतो. लागेल असं बोलतो, पण खोटं बोलत नाही.'

मला राग आला, सरळ सांगते. तुझ्यावर आला आणि त्यांच्यावरही आला. मी त्यांना उचललं, पुसलं, भरवलं, त्यांच्यासाठी आख्ख्या गल्लीला खोटं बोलायला शिकवलं, आणि विश्वासाचा माणूस तू. तीन वर्षांत एक फोन न करणारा. हे त्यांना म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. म्हटलं नाही, कारण ते म्हणाले त्यातलं एक अक्षर मला खोडता आलं नाही.

तर रविवारी दुपारी फोन येईल. तुझ्या बैठका रविवारी नसतात एवढं मला माहीत आहे. मी नंबर लावून त्यांच्या हातात देईन आणि खाली चावीवाल्याकडे जाऊन बसेन, म्हणजे तुला मोकळेपणाने बोलता येईल. उचल.

रेघांचं काही सांगू नकोस, आता त्यांना त्या दिसत नाहीत. भाव खरे सांग, माझ्यासाठी एक पैसाही कमी करून सांगू नकोस. गोळीचाही खराच सांग. तुझ्याकडूनही खोटं आलं तर ते कोणाकडे जाणार?

फक्त आधी 'जेवलात का' असं विचार. मागच्या वेळी तेवढं राहून गेलं होतं. 'नाही' म्हणाले तर म्हण, 'तुम्ही जेवून घ्या बाबा, मी फोन धरून बसतो, मग सांगतो भाव.' ताट मी झाकून त्यांच्या हाताशी ठेवलेलं असेल. त्यांना वेळ लागतो. धरून बस.

ताई